रिकाम्या गाडीचं माप

माझ्या धाकट्या भावाला चाकातलं काही म्हणजे काही कळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी त्याच्याबद्दल एखादं बरं वाक्य बोललोच, तर ते नाइलाजाने बोललो एवढं लक्षात असू द्या.

आमच्या म्हाताऱ्याचं, म्हणजे वडिलांचं, टायरचं दुकान होतं. एकच लांबलचक जागा, दोन शटरं. म्हातारा गेला आणि वर्षाच्या आत मधोमध विटांची भिंत उभी राहिली. कॉम्प्रेसर धाकट्याच्या वाट्याला गेला, चाक तोलायचं मशीन माझ्या. मग मी नवा कॉम्प्रेसर आणला, त्याने नवं मशीन आणलं, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना तेच काम सुरू झालं. या गोष्टीला सहा वर्षं झाली. सहा वर्षांत आम्ही तोंडाने एक शब्द बोललो नाही. जे काय बोललो ते पाट्यांवर. मी पाटी लावली, ‘इथे बसवलेली चाकं घासत नाहीत’. आठ दिवसांत त्याच्या शटरवर पाटी झळकली, ‘इथे बसवलेली चाकं चारचौघांत उठून दिसतात’. मी खाली ओळ वाढवली, ‘आणि गाडी चालते सुद्धा’. त्यानंतर त्याने रंगीत दिवे लावले. दिव्यांना काय उत्तर द्यायचं?

भांडण कशावरून झालं ते सांगितलं तर हसाल. बोटभर रुंदीवरून.

गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिच्या पायात बरोबर मापाची चाकं असतात. पण माणसाला दम कुठे निघतो? त्याला मोठं चाक हवं, रुंद टायर हवा, बाहेर डोकावणारं हवं. बसवा, माझं काही म्हणणं नाही, मीही बसवतो. पण रिम मोठी केली की टायरची भिंत तेवढी बुटकी घ्यायची, म्हणजे चाकाची एकूण उंची जिथल्या तिथे राहते. आणि चाक आत किती सरकतं, बाहेर किती येतं, याला आमच्यात ऑफसेट म्हणतात, तो मोजायचा. आत गेलं तर स्प्रिंगला टेकतं, बाहेर आलं तर वरच्या मडगार्डच्या कडेला. त्या मडगार्डला आतून दुमडलेली पत्र्याची पट्टी असते. हात फिरवून बघा कधी, सुरीच असते ती.

धाकटा म्हणायचा, “एवढ्या-तेवढ्याने काही होत नाही.” मी म्हणायचो, “ते एवढं-तेवढंच माणसं मारतं.” म्हातारा होता तोवर तो मधे पडायचा. तो गेल्यावर वीट मधे पडली.

म्हाताऱ्याची एक रीत होती. चाकं बदलली की गाडी तशीच द्यायची नाही. टायरच्या खांद्यावर, म्हणजे जिथे सपाटी संपून बाजू सुरू होते तिथे, गोल खडू फिरवायचा. मग गाडीत माणसं भरायची आणि दुकानाच्या कोपऱ्यावर त्याने स्वतः सिमेंट ओतून केलेल्या उंचवट्यावरून गाडी तिरकी चढवायची. टेकलं की खडू पुसला जायचा आणि आवाज यायचा. “रिकाम्या गाडीचं माप म्हणजे उपाशी माणसाच्या कंबरेचं माप,” तो म्हणायचा. “जेवल्यावर पट्टा लागेल का ते बघा.”

आणि भरायला माणसं कोण? आम्ही दोघं. शाळेतून आलो की दप्तर पायरीवर टाकायचं आणि मागच्या सीटवर जाऊन बसायचं. मी डावीकडे, तो उजवीकडे. आम्ही भाऊ नंतर होतो, आधी वजनं होतो. ज्याच्या बाजूला टेकलं त्याने “घासलं!” म्हणून ओरडायचं. जो आधी ओरडेल त्याच्या पाठीवर म्हाताऱ्याची थाप. त्याची थाप म्हणजे साधी गोष्ट नव्हती, एरवी तो कुणाकडे बघायचासुद्धा नाही. आम्ही कान टवकारून बसायचो. घासू दे रे देवा, माझ्या बाजूला घासू दे.

असो. आता माझ्या मुलीकडे येतो.

मुलगी एकुलती एक. धाकट्याला बायको नाही, पोर नाही, म्हणून तिच्यावर हक्क निम्मा त्याचा, असं त्यानेच ठरवून टाकलेलं. लहानपणी तिला टायरच्या चळतीवर बसवून तो तिच्या हातात नट द्यायचा. भिंत झाल्यावर मला वाटलं हे थांबेल. छे! ती मागच्या दाराने जायची. मला ‘बाबा, तुम्ही’, त्याला ‘काका, तू’. ते ‘तू’ मला रोज टोचायचं, खोटं कशाला बोलू?

मग तिचं लग्न झालं, सहा महिन्यांपूर्वी पोर झालं, आणि आता नवऱ्याची बदली झाली म्हणून ती घाट ओलांडून पलीकडच्या शहरात राहायला निघाली. नवरा पुढे गेला होता, ती बाळाला घेऊन आमच्याकडे थांबली होती. ही स्वतःच्या कमाईच्या गाडीतून, मागे बाळ आणि उरलेलं सगळं घर भरून, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघणार होती. मी म्हटलं होतं, निघताना दुकानावर ये, हवा बघतो. आमच्या घरात पेट्रोल पंपावर कुणी कधी हवा भरली नाही. पंपावर हवा भरणं म्हणजे घरचं जेवण सोडून दारोदार हात पसरणं, म्हातारा असंच म्हणायचा.

आदल्या दिवशी अकराच्या सुमाराला हॉर्न वाजला. बाहेर येऊन बघतो तर गाडी तीच, पण तिच्याखाली काळीभोर, चकाकणारी, ही एवढी चाकं.

“कशी आहेत?” तिने खिडकीतून विचारलं. “काकाने दिली. नव्या घराची भेट.”

मला काय वाटलं ते विचारू नका. आधी राग आला की आधी डोळ्यांनी माप घेतलं, तेही सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच झालं. मी खिशातली टेप काढली, सरळ पट्टी आणली आणि मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो.

“बाबा, आल्या आल्या सुरू?”

“आधीपेक्षा अंगठाभर बाहेर आलंय,” मी म्हणालो. “वर टायरही उंच घातलाय. बुटका घालायचा सोडून उंच! मागे माणसं बसली की ही कडा टायरच्या खांद्यावर बसणार. घाटात वळणावळणाला कापत जाईल. तिसाव्या किलोमीटरला फुटेल.”

“तिसाव्याच का? एकतिसाव्या का नाही?”

“थट्टा करू नकोस.”

“थट्टा कोण करतंय?” ती गाडीतून उतरली. तिचं नाक म्हाताऱ्यासारखं आहे, रागावली की लाल होतं. “माझ्या सायकलला काकाने हवा भरली, तर तुम्ही म्हणालात जास्त भरली. सोडून परत भरलीत, तेवढीच. माझ्या स्कूटरचा ब्रेक त्याने आवळला, तर तुम्ही म्हणालात ड्रम तापेल. तापला नाही. गेल्या वर्षी त्याने वायपर बदलले, तर तुम्हाला ते उलटे दिसले! वायपर, बाबा! दर वेळी लांडगा आला, लांडगा आला. कितव्या लांडग्यावर विश्वास ठेवू?”

वायपरबद्दल ती खरं बोलत होती. ते सरळच होते.

पण या वेळी लांडगा खरा होता. माझ्या हातात टेप होती, टेपवर आकडे होते, आणि आकडे काही माझ्या भावाशी भांडलेले नव्हते. माझा सहा महिन्यांचा नातू उद्या या चाकांवर घाट चढणार होता. आणि मी ओरडून ओरडून खरं बोलत होतो, तर माझ्या तोंडाकडे बघून माझीच मुलगी म्हणत होती, झालं याचं सुरू. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. भीती वाटली की मी जास्त मोठ्याने बोलतो. तेही केलं.

“त्या गाढवाने भरून तपासली का, विचार!”

“काकाने तपासलीय.”

“रिकामी की भरलेली? विचार तू!”

ती भिंतीच्या टोकाशी गेली आणि पलीकडे वाकून ओरडली, “काका, गाडी भरून तपासलीस का?”

पलीकडे पान्याचा आवाज थांबला. मग धाकट्याचा आवाज आला, चिडका, पण खालच्या पट्टीतला. “जॅकवर चढवून बघितली. चार बोटं जागा आहे.”

“जॅकवर!” मी आभाळाला सांगितलं. “जॅकवर चाक खाली लोंबतं! जॅकवर बैलगाडीचं चाक बसवलं तरी जागा दिसेल! म्हाताऱ्याने हेच शिकवलं?”

“भरायला माणसं कुठून आणू?” तो भिंतीपलीकडून म्हणाला. माझ्याशी नव्हे, तिच्याशी. “इथे मी एकटा असतो.”

तेवढ्यात माझी बायको आली, एका कडेवर बाळ आणि मागे गाडीत भरायच्या सामानाची हातगाडी. ही बाई कमी बोलते. सहा वर्षं दोन्हीकडे चहा पोचवते आणि कुणाचं कुणाला सांगत नाही. तिने मुलीचं लाल नाक बघितलं, माझी टेप बघितली, आणि काय झालंय ते न विचारता तिला कळलं.

“मग भरा ना गाडी,” ती म्हणाली. “माणसं आहेत की दोन. भाऊजी, या बाहेर. अहो, तुम्ही डावीकडे बसा. मी बाळाला घेऊन इथे उभी राहते.”

“त्याच्या शेजारी मी बसणार नाही,” मी म्हणालो.

“मग घासत नाही म्हणून सही करा,” मुलगी म्हणाली.

बसलो. काय करणार?

धाकटा आला. सहा वर्षांत पोट सुटलंय, केस गेलेत. हात कापडाला पुसत तो उजव्या दाराने आत शिरला. मधल्या जागेत बाळाची सीट पट्ट्याने बांधलेली होती, त्यामुळे आमच्यात पुन्हा एक भिंत झाली, बरं झालं. पुढच्या सीटवर मी शिशाच्या वजनांची बादली ठेवली. टायरच्या खांद्यांवर मीच खडू फिरवला. तो फिरवत होता तर मी खडू हिसकावून घेतला.

“आताही हिसकावतोस,” तो म्हणाला. सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

“तुझ्या हाताला थर जाड येतो.” हे माझं.

“तुम्ही दोघं वजनं आहात,” मुलगी आरशात बघत म्हणाली. “वजनं बोलत नाहीत.”

तिने गाडी सुरू केली, कोपऱ्यापर्यंत नेली आणि म्हाताऱ्याच्या उंचवट्यावर तिरकी चढवली. डावी बाजू वर गेली, मागचं बूड दबलं, मी कान लावला. काही नाही. गाडी सुळकन उतरली. ती वळून उजवीकडून चढली. काही नाही. बायकोने वाकून बघितलं आणि हात हलवला, खडू जागच्या जागी.

धाकट्याने खिडकीबाहेर बघत शीळ घातली. मुद्दाम. नाचता येईना अंगण वाकडं, असं काहीतरी पुटपुटलासुद्धा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडात एकच शब्द आला, “सामान!”

“काय?” मुलगी म्हणाली.

“उद्या तू आम्हाला घेऊन जाणार आहेस की सामान? सामान भरा. भांड्यांचं खोकं, दोन्ही पेट्या, पाळणा, सगळं. मग चढव.”

“बाबा, आता पुरे.”

तेव्हा धाकटा बोलला. “भर,” तो म्हणाला. “नाहीतर मरेपर्यंत हेच ऐकवेल.” आणि स्वतः उतरून त्यानेच निम्म्या पेट्या डिकीत चढवल्या. त्याला खात्री होती. मूर्खाला खात्रीच असते. पण सामान त्याने भरलं, मी नाही, हेही खरं आहे.

पुन्हा बसलो. गाडी आता मागे चांगलीच बसली होती. मी डावीकडे, तो उजवीकडे, गुडघे पुढच्या सीटला टेकलेले. कोपरा आला. डावं चाक उंचवट्यावर चढलं, मागची बाजू खाली दबली, आणि माझ्या बुडाखालून आवाज आला. कर्रर्र. पत्रा रबरात शिरताना येतो तो. दुसरा कुठलाच आवाज तसा नसतो.

“घासलं!” मी ओरडलो.

हात वर केला होता मी. टाळी वाजवल्यासारखा काहीतरी आवाजही झाला, तो मीच मांडीवर हात मारला म्हणून. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि माझी पाठ थापेची वाट बघत होती.

गाडी थांबली. मुलीने इंजिन बंद केलं. ती वळली नाही, आरशातच बघत राहिली.

“काय सांगत होतो!” मी म्हणालो. “काय सांगत होतो मी? ऐकलं? आता ऐकलं?”

मी शेजारी बघितलं. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि त्याचा हात बाळाच्या रिकाम्या सीटवर आडवा होता, पोर तिथे बसलंय आणि पुढे आपटेल म्हणून धरल्यासारखा. तो हात त्याने काढला नव्हता. त्याला कळलंही नसावं.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “तुम्ही हसलात.”

“मी?”

“आरशात बघत होते मी. आवाज आला आणि काकाने बाळाची सीट धरली. तुम्ही हसलात.”

मी म्हणणार होतो, ते हसू नव्हतं. म्हणणार होतो, लहानपणापासूनची सवय आहे, म्हाताऱ्याला विचार. पण म्हातारा कुठून आणू? आणि ते हसूच होतं. सहा वर्षं मी त्या आवाजाची वाट बघत होतो. तो आला तेव्हा मला उकळ्या फुटल्या, आणि त्या सीटवर उद्या कोण बसणार आहे ते मला हसून झाल्यावर आठवलं. हे मी आता सांगतोय. तेव्हा नुसता दार उघडून उतरलो.

चाकापाशी वाकलो. खडू एका पट्ट्यात साफ गेला होता. त्याखाली रबरावर वीतभर लांब चीर होती, नख आत जाईल एवढी. एकाच झटक्यात एवढी, मग घाटात काय झालं असतं ते कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. धाकटा माझ्या शेजारी उकिडवा बसला. त्याने चिरेत नख घातलं, काढलं.

“चूक माझी,” तो म्हणाला. “मी भरून बघायला हवी होती.”

हे वाक्य ऐकायला मी काय दिलं असतं! मनातल्या मनात त्याच्याकडून हजारदा वदवून घेतलं होतं. आणि ते आलं तेव्हा त्याचं काय करायचं ते मला कळेना.

“जुनी चाकं कुठायत?” मुलगी आमच्या डोक्यावर उभी होती.

“माझ्याकडे,” धाकटा म्हणाला.

“आणा.”

आम्ही दोघं गेलो. सहा वर्षांनी त्याच्या शटरखालून वाकून आत गेलो. आत म्हाताऱ्याचं स्टूल होतं, ते कुठे गेलं असं मला सारखं वाटायचं. दोन चाकं त्याने ढकलत आणली, दोन मी. रस्त्यावर येता येता मी म्हणालो, “माझ्या बाजूला जॅक तयार आहे.” तो त्याच क्षणाला म्हणाला, “माझ्याकडे चढवू, दहा मिनिटांत होईल.”

“बाजूला व्हा,” मुलगी म्हणाली. “दोघंही.”

तिने सामानाखालचा स्वतःचा जॅक काढला. पाना काढला. चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग गाडी उचलली. नवं चाक उतरवून आडवं गाडीखाली सरकवलं, जॅक घसरलाच तर गाडी त्यावर बसावी म्हणून. ते मी शिकवलं होतं. जुनं चाक चढवून प्रत्येक नट आधी बोटांनी फिरवला, पाना नंतर लावला. ते त्याने शिकवलं होतं. समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळले. ते म्हाताऱ्याचं, आमच्या दोघांच्या हातून तिच्याकडे गेलेलं. दुपारचं ऊन डोक्यावर होतं, तिच्या कपाळावरून घाम नाकावर येत होता, आणि रस्त्यावर दोन टायरवाले हात लोंबकळत उभे होते. येणारे जाणारे बघत होते. त्यांना वाटलं असेल, काय नालायक माणसं आहेत.

एकदा धाकटा पुढे सरकला. “हा नट जरा...”

“काका, नको.”

“तू” नाही म्हणाली, पण “तुम्ही”ही नाही. मला त्यात मजा वाटेल असं मला वाटलं होतं. वाटली नाही.

चारही चाकं झाली. काळी चाकं तिने एकावर एक बरोबर भिंतीच्या टोकासमोर रचली, ना माझ्या बाजूला ना त्याच्या. हात पुसले, बाळाला आईच्या कडेवरून घेतलं.

“मी तुमचं दोघांचं ऐकायचं ठरवलं होतं,” ती म्हणाली. “काकाचं ऐकलं तर टायर फुटतो. बाबांचं ऐकलं तर ते खरे ठरतात आणि त्यांना आनंद होतो. मला सांगा, यातलं कुठलं घेऊन मी घाट चढू?”

“जुन्यांत हवा कमी असेल,” मी म्हणालो. “एवढ्या सामानाला पुरायची नाही.”

“सकाळी बघू,” ती म्हणाली. पुढच्या सीटवरची बादली खाली ठेवली आणि आईला तिथे बसवून निघून गेली.

त्या दिवशी मी घरी गेलो, पण मुलगी आईशीच बोलत होती. मी बाळाला घ्यायला हात पुढे केला तर तिने दिलं. ते जास्त लागलं. नाही म्हणाली असती तर भांडता आलं असतं.

सकाळी ती आवरत होती तेव्हाच मी निघालो. साडेपाचला शटर वर केलं. कॉम्प्रेसर सुरू केला, नळी बाहेर ओढून ठेवली, दाब बघायचा काटा कोरड्या फडक्याने पुसला. बोलायचं काय ते वाटेत ठरवलं होतं. चुकलं म्हणायचं. हा शब्द मी दुकानात कधी उच्चारला नव्हता, म्हणून दोनदा मनात घोकला.

पलीकडचंही शटर वर गेलेलं होतं. त्याच्याही कॉम्प्रेसरचा आवाज येत होता. तोही नळी घेऊन बाहेर उभा होता. काळी चाकं आमच्यामधे तशीच पडली होती, त्यांना कुणी हात लावला नव्हता. सहा वाजले. सव्वासहा झाले. आम्ही दोघं रस्त्याच्या त्याच टोकाकडे बघत होतो.

साडेसहाला फोन वाजला. बायको होती.

“निघाली,” ती म्हणाली. “केव्हाच.”

“इकडे यायची होती ना? हवा?”

“पंपावर भरली म्हणे.”

मी फोन खिशात ठेवला. धाकट्याने विचारलं नाही, पण तो माझ्याकडे बघत होता, म्हणून सांगितलं. “पंपावर भरली.”

त्याने नळी खाली ठेवली. थोड्या वेळाने म्हणाला, “सामान आहे मागे. मागच्या दोन्हींत तीन पौंड हवा जास्त लागते. तेवढं बघितलं असेल ना?”

“तिला माहीत आहे. मी शिकवलंय.”

“मी शिकवलंय,” तो म्हणाला.

तोंडावर उत्तर आलं होतं. दिलं नाही. रस्त्यावर गाड्या सुरू झाल्या होत्या. आमचे दोन्ही कॉम्प्रेसर भरून आपोआप बंद झाले, आणि आम्ही तिथेच उभे राहिलो. माझ्या नातवाच्या गाडीत हवा कुणीतरी परक्या माणसाने भरली होती, आणि किती भरली ते विचारायलासुद्धा मला तोंड नव्हतं.